एकोणसत्तर

जांबोटीच्या पुढं, फाट्यावर,
कनकुंबीची गाडी आम्हाला सोडून गेली
तेव्हा धुकं अजून खाचरांत लोळत होतं.
सुगी सरलेली. गवताच्या गंज्या ओल्या,
आणि एक कुत्रा, ज्याला आमच्यासोबत यायचं होतं
पण आपली हद्द सोडवत नव्हती.

भैरूनं धाकट्याला खांद्यावर बसवलं.
माझ्याकडं भाकऱ्या, लाल चटणी, पाण्याची कॅन.
शेजारच्या शिवगंगाक्कानं नुसती छत्री घेतली,
काळी, लाकडी मुठीची.
"थंडीत छत्री?" भैरू म्हणाला.
"माकडं हायत की."
छत्री मामांची होती. आम्ही पुढं विचारलं नाही.

स्वरांगीनं उतरल्या उतरल्या बजावलं:
"नदीपर्यंतची पावलं मोजालोय मी.
मधी कोण बोलायचं नाही."
म्हणून गप्प चाललो,
आणि म्हणून बरंच ऐकू आलं:
पाचोळ्याखाली कुणाची तरी घाई,
किंदळीच्या शेंड्यावर शेकरूची खडखड,
ओढ्याकडून कस्तुराची शीळ,
अर्धी वाजवून सोडून दिलेली.

तळ्यापाशी ती तीनदा चुकली.
एकदा अडईंचा थवा उठला म्हणून,
एकदा वाऱ्यानं कुमुदाचं पान उलटलं
आणि आतून जांभळं निघालं म्हणून,
एकदा धाकटा बापाच्या डोक्यावर शिंकला म्हणून.
दर वेळी मागं जाऊन
बांधावरच्या त्याच दगडावर उभी राहिली
आणि पुन्हा, एक.

चौथ्यांदा रानात शिरताना अडली.
एक पाय हवेत. "अडुसष्ट... अडुसष्ट..."
मला ठाऊक होता तो आकडा.
खानापूरच्या शाळेत त्याच्यापायी
माझ्याही तळहातावर पट्टी बसलेली.
सांगणार इतक्यात अक्का म्हणाली, "अरवत्तोंबत्तु."
"म्हणजे?"
"साठ. वर नऊ."
"आणि आपलं?"
"एकोणसत्तर," मी म्हटलं. "सत्तराला एक कमी."
पोरीनं दोन्ही तोंडात घोळवून पाहिले,
आवळ्यावर पाणी प्यावं तसे,
आणि पाय खाली टेकवला:
अरवत्तोंबत्तु.

मग तशीच मोजत गेली.
आकडे घरचे,
नऊ आला की शेजारच्या दारातून.
एप्पत्तोंबत्तु. एंबत्तोंबत्तु.
नव्व्याण्णवाला काय म्हणतात हे कळल्यावर तर
पेंगणारा धाकटासुद्धा जागा झाला.
तोंबत्तोंबत्तु!
दर शंभरामागं एकदा सगळे ओरडायचो,
भैरूही, जो बाजारातसुद्धा आवाज चढवत नाही.
माकडं ऐकून पळाली असतील.
छत्री उघडावी लागली नाही.

उतार संपला तशी मलप्रभा दिसली,
खडकांच्या फटींतून अंग चोरून निघालेली,
इथं अजून घोट्याएवढीच, आणि गार.
"किती झाली गं पावलं?"
स्वरांगी बूट काढत होती.
आकडा तिच्याआधीच पाण्यात उतरला होता.

रुंद कातळावर गाठोडं सोडलं.
गेल्या वर्षी मामा इथंच
छत्रीच्या टोकानं रांजणखळगा ढवळून
पोरांना मासे दाखवत होते,
"ए, हळू, त्यांची शाळा भरलीय."
मी भाकऱ्या वाटल्या. उरल्या.
उरल्या म्हणजे, पहाटे थापताना
हात सहाच्या हिशेबानं चालला होता.
अक्कानं काही न बोलता एक मोडली,
अर्धी पोरांना,
अर्धी कुत्र्यासाठी पदराला बांधली.

कुत्रा हद्दीवरच होता.

चारची गाडी साडेचारला आली.
कंडक्टरनं दारातच विचारलं, "एष्टु मंदि?"
माझ्या ओठांवर आलंच होतं, सहाला एक
"ऐदु," अक्का म्हणाली,
आणि खिडकीशी बसून
छत्री मांडीवर आडवी घेतली.